बुधवारचे पापलेट

किनारपट्टीवरच्या मासे खाणाऱ्या मराठी घरांत आठवड्याची वाटणी देवांच्या वारांनी आधीच ठरलेली असते. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. ज्यांच्याकडे मंगळवारही पाळतात त्यांचा तोही गेला. चतुर्थी, एकादशी आणि श्रावण महिना वजा केला की मासळीच्या वाट्याला बुधवार, शुक्रवार आणि रविवार एवढेच वार उरतात. रविवारची चिंता नसते. त्या दिवशी घरात माणसे असतात, सकाळी बाजारात जायला सवड असते आणि नारळ खवण्यापासून दुपारच्या झोपेपर्यंत सगळे यथासांग होते. खरा प्रश्न बुधवारचा आहे. संध्याकाळी साडेसातला लोकलमधून उतरलेल्या माणसाने वाटण वाटावे, कालवण रटरटत ठेवावे, शेजारच्या शेगडीवर तुकड्या तळाव्यात आणि एवढे करून मुलांना वेळेत जेवू घालावे, हे रोजच्या धावपळीत जमेनासे होते. मग बुधवारी अंडाकरी होऊ लागते आणि मासळी हा फक्त सुट्टीच्या दिवसाचा बेत होऊन बसतो.

मला हे मान्य नाही. मासळी हे आमच्याकडचे रोजचे जेवण आहे आणि ते रोजच्या दिवशीच रोजचे वाटायला हवे. त्यासाठी आमच्या घरात जो मार्ग रुळला आहे तो अगदी साधा आहे: अख्खे पापलेट वाटण लावून ओव्हनमध्ये भाजायचे. घरात आल्यावर ओव्हन सुरू करण्यापासून ताट वाढेपर्यंत पाऊण तास पुरतो, आणि त्यातला बराचसा वेळ ओव्हनचा असतो, आपला नसतो.

तळलेल्या माशाला मी कमी लेखत नाही. रव्यात किंवा तांदळाच्या पिठात घोळवलेली, कडेला कुरकुरीत झालेली सुरमईची तुकडी ज्याने तव्यावरून थेट ताटात घेतली आहे त्याला तिची थोरवी सांगायला नको. पण तिचे सगळे सुख त्या पहिल्या काही मिनिटांत असते, आणि म्हणून ती तळणाऱ्याला तव्यापाशी उभे राहावे लागते. आमच्याकडे ती जागा आईची होती. ‘तुम्ही बसा, मी गरम गरम वाढते’ असे म्हणून ती आत उभी राहायची, एकेक तुकडी पानात येत राहायची, आणि शेवटी ती स्वतः बसायची तेव्हा बाकीच्यांचे हात धुऊन झालेले असायचे. तिच्या पानात शेपटीकडचा, गार झालेला तुकडा असायचा. तिने याबद्दल कधी तक्रार केली नाही, आणि आमच्यापैकी कोणाच्या ते ध्यानातही येत नसे. भाजलेल्या माशाचा मला सर्वांत मोठा गुण वाटतो तो हा की तो सगळा एकदम तयार होतो. ट्रे बाहेर आला की आई, बायको, मुलगी आणि मी, चौघेही एकाच वेळी जेवायला बसतो. त्या चौघांत ज्याने स्वयंपाक केला तोही असतो.

याची सुरुवात अर्थातच बाजारात होते. संध्याकाळी स्टेशनाबाहेर मिळणारी मासळी सकाळच्या मासळीपेक्षा दुय्यम असते, हा समज सरसकट धरून चालू नये. आपल्या उष्ण समुद्रातली मासळी बर्फात नीट राखली तर थंड समुद्रातल्या मासळीपेक्षा जास्त काळ टिकते, कारण तिच्या अंगावरचे जिवाणू उबदार पाण्याला सरावलेले असतात आणि बर्फाच्या थंडाव्यात त्यांची वाढ मंदावते. त्यामुळे संध्याकाळी पाहायचे ते घड्याळ नव्हे, बर्फ. मासा बर्फात पुरलेला आहे की फळीवर नुसता पाणी शिंपडून ठेवला आहे, यावर बरेचसे ठरते. पापलेटाचा डोळा स्वच्छ हवा, अंग दाबले तर बोटाचा खळगा लगेच भरून यायला हवा, आणि कल्ल्याजवळ दाबल्यावर येणारा ओलावा पांढरट हवा. तिथे लालसर, मळकट पाणी आले तर पुढच्या टोपलीकडे जावे. मी ज्या मावशींकडून मासे घेतो त्या हे सगळे मला न सांगता स्वतःच करून दाखवतात. ‘भाऊ, कालवणाला की तळायला?’ हा त्यांचा ठरलेला प्रश्न असतो, आणि ‘अख्खंच भाजायचंय’ म्हटले की त्या पोट न फाडता कल्ल्याच्या बाजूने आतले सगळे काढून देतात. ‘पोट फाडलं की भरलेला मसाला गळून जातो,’ हे त्यांनीच मला सांगितले.

आकाराच्या बाबतीत मी ठाम आहे. साडेतीनशे ते चारशे ग्रॅमचे एक पापलेट दोघांना पुरते, म्हणून आमच्याकडे दोन लागतात. तळहाताएवढी छोटी पापलेटे स्वस्त मिळतात, पण ती भट्टीत चटकन कोरडी पडतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती अजून एकदाही अंडी न घातलेली पिल्ले असतात, आणि ती विकत घेणे म्हणजे पुढच्या हंगामातले पापलेट आज संपवणे. महाराष्ट्र सरकारने 2023 साली पापलेटाला राज्य मासा म्हणून घोषित केले. पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीची ओळखच या माशावर उभी आहे, आणि तिथले मच्छीमार कितीतरी वर्षे सांगत आले आहेत की बारीक आसाच्या जाळ्यांत पिल्ले उचलली गेल्याने मोठे पापलेट मिळेनासे झाले आहे. ग्राहक म्हणून आपल्या हातात फार काही नसते, परंतु टोपलीतले ते छोटे चमकदार मासे नाकारणे नक्की असते. शिवाय दुसऱ्या दिवशी गुरुवार असल्याने उरलेले ठेवण्याची सोय नसते, तेव्हा खरेदी मोजकीच करावी लागते.

घरी आल्यावर पहिले काम ओव्हन तापत ठेवण्याचे. आमच्याकडे साधा ओटीजी आहे. त्याच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही कांड्या सुरू करून मी तो 200 अंश सेल्सिअसवर लावतो आणि किमान दहा मिनिटे तापू देतो. हवा ही उष्णता पोचवण्याच्या बाबतीत तेलाच्या किंवा तव्याच्या मानाने फार संथ असते, त्यामुळे अर्धवट तापलेल्या भट्टीत ठेवलेला मासा भाजला न जाता नुसता पाणी सोडत बसतो. तेवढ्या वेळात मासा धुऊन, स्वच्छ फडक्याने आतून-बाहेरून कोरडा टिपून घ्यायचा. टिपण्याचे हे काम बरेच जण सोडून देतात. अंगावर पाणी राहिले तर भट्टीची पहिली काही मिनिटे ते पाणी उडवण्यातच जातात, कातडीला रंग येत नाही आणि वाटण घसरून ट्रेमध्ये जमा होते.

मग दोन्ही बाजूंना तिरक्या चिरा पाडायच्या, काट्याला सुरी लागेल इतक्या खोल. मीठ, हळद आणि थोडे आगळ, म्हणजे कोकमाचा आंबट रस, एकत्र करून ते चिरांमध्ये बोटाने भरायचे. आंबट लावण्याची आपल्या किनाऱ्यावरची ही रीत नुसत्या चवीसाठी नाही. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात अंगातले पाणी टिकवून धरण्यासाठी मासे ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचे द्रव्य साठवतात. मासा मेल्यावर जिवाणू त्याचे ट्रायमिथाइलअमाइन करतात, आणि आपण ज्याला मासळीचा उग्र वास म्हणतो तो मुख्यतः त्याचा असतो. आंबटाशी संयोग झाला की ते हवेत उडू शकत नाही आणि वास बसतो. कोकम, चिंच, कैरी, बिंबले, लिंबू यांपैकी जे ज्या गावात मुबलक ते तिथल्या कालवणात गेले, यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे हे निरीक्षण आहे. मात्र आंबट लावून मासा फार वेळ ठेवू नये. आम्लाने मांस न तापताच घट्ट होऊ लागते आणि नंतर ते भट्टीत भुसभुशीत होते. ओव्हन तापेपर्यंतचा वेळ पुरेसा असतो, आणि बुधवारी त्याहून जास्त वेळ कोणाकडे असतो!

वाटण मी हिरवे करतो: कोथिंबीर, हिरवी मिरची, लसूण, आल्याचा लहान तुकडा, मूठभर ओले खोबरे, चिमूटभर साखर आणि जिरे. पाणी जवळजवळ घालायचे नाही, नाहीतर ते पसरते. या वाटणाचे पारशी पात्रानी मच्छीशी नाते आहे हे उघड आहे, आणि मुंबईत वाढलेल्या माणसाला त्यात परके काही वाटत नाही. पारशी लग्नात तो मासा केळीच्या पानात गुंडाळून वाफवतात. मी पान मिळाले तर त्यातच गुंडाळून भाजतो. केळीचे पान कोरडेच दुमडले तर शिरेच्या रेषेत फाटते. ते आधी गॅसच्या ज्योतीवरून हळूहळू फिरवावे लागते. ज्योत जिथून पुढे सरकते तिथे पानाचा फिका, धुरकट हिरवा रंग एका क्षणात गडद आणि तुकतुकीत होतो, पान नरम पडते आणि कापडासारखे हवे तसे वळते. त्याच वेळी त्याचा जो वास सुटतो तो आल्यावर आमची मुलगी अभ्यास टाकून स्वयंपाकघरात येते. पान नसले तर बटर पेपरही चालतो, पण मग तो वास येत नाही आणि मला त्याची उणीव जाणवते.

ओव्हनमध्ये मासा भाजणे ही बाहेरून आलेली गोष्ट आहे असे अनेकांना वाटते. यंत्र बाहेरचे आहे, पण वरून आणि खालून एकाच वेळी आच देण्याची युक्ती इथली जुनी आहे. मुंबईच्या पाठारे प्रभू घरांत कोलंबीचे भानोले खाली मंद आच आणि वर झाकणावर निखारे ठेवून भाजत. कोकणात चुलीच्या निखाऱ्यांत पानात गुंडाळलेला बांगडा सारून ठेवण्याची पद्धत तर कोणाला शिकवावी लागत नसे. माझी आई पहिल्यांदा ओटीजीकडे जरा दुरून पाहत होती. भाजलेले म्हणजे पथ्याचे, असे तिला वाटत असावे. पुडी उघडल्यावर तिने पानाच्या कडेला लागलेले, किंचित करपलेले वाटण बोटाने काढून चाखले आणि म्हणाली, ‘अरे, हे तर चुलीतल्यासारखं लागतंय.’ तेव्हापासून पान आणण्याची आठवण ती करते.

आता किती वेळ भाजायचे, हा या सगळ्यातला खरा कौशल्याचा भाग. माशाचे मांस कोंबडी-बकऱ्याच्या मांसापेक्षा इतके लवकर का शिजते याचे उत्तर पाण्यात आहे. पाणी माशाचे वजन पेलते, त्यामुळे शरीर उभे धरण्यासाठी लागणाऱ्या चिवट धाग्यांची त्याला गरज कमी असते. जमिनीवरच्या प्राण्यांत अशा जोडणाऱ्या ऊतींचे प्रमाण साधारण 15 टक्के असते, तर माशांत ते 3 टक्क्यांच्या आसपास. ते थोडके धागेही 50-55 अंशांपासून विरघळू लागतात. म्हणून माशाच्या पाकळ्या हलक्या हाताने सुटतात, आणि म्हणूनच त्याला मऊ होण्यासाठी जास्त वेळ शिजवण्याचे काहीच कारण नसते. आतल्या मांसाचे तापमान 60 अंशांच्या आसपास पोचले की मासा तयार होत आलेला असतो. अमेरिकेच्या अन्नसुरक्षा नियमांत माशासाठी 63 अंश हा आकडा दिलेला आहे. त्याच्या बराच पुढे गेल्यावर स्नायू आक्रसतात, आतले पाणी पिळून बाहेर पडते आणि चिरांमध्ये पांढरे, साकळलेले ठिपके दिसू लागतात. ते दिसले की उशीर झालेला असतो.

कॅनडाच्या मत्स्य खात्याने गेल्या शतकात एक सोपा नियम प्रसिद्ध केला होता: मासा जिथे सर्वांत जाड असेल तिथली जाडी मोजायची आणि दर इंचाला दहा मिनिटे, कडक तापलेल्या भट्टीत, म्हणजे सुमारे 230 अंशांवर भाजायचे. हा नियम एका इंचाच्या आसपास चांगला चालतो. मात्र उष्णता आतवर झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे दुप्पट जाडीच्या माशाला दुपटीहून बराच जास्त वेळ द्यावा लागतो. मी 200 अंश ठेवतो आणि मासा वाटणाने माखलेला असतो, म्हणून चारशे ग्रॅमच्या पापलेटाला मला उघड्या ट्रेवर साधारण सतरा-अठरा मिनिटे लागतात, पानात गुंडाळल्यास आणखी चार-पाच. पापलेट या कामाला फार अनुकूल आहे, कारण त्याचे अंग चपटे आणि जवळजवळ सारख्या जाडीचे असते. डोक्याकडचा भाग कच्चा आणि शेपूट वाळकुटे असा प्रकार होत नाही. तरीही मी मिनिटांवर विसंबत नाही. डोक्यामागे, काट्याजवळ पातळ सुरीचे टोक घालून काही सेकंद तसेच धरायचे आणि मग ओठाला लावायचे. ते कोमट लागले तर थांबायचे, चांगले ऊन लागले तर मासा बाहेर काढायचा. काट्यालगतचे मांस दुधासारखे पांढरे दिसून त्यापासून सहज सुटत असेल तर दुसऱ्या खुणेची गरज नसते. काढल्यावर तीन-चार मिनिटे तसाच ठेवावा, म्हणजे उरलेली उष्णता आत पोचते आणि रस मांसात परत जिरतो.

या वेळेचा आणखी एक फायदा आहे. मासा आत गेला की त्याच क्षणी भात चढवायचा. दोन्ही जवळपास एकाच वेळी होतात. मधल्या काळात कांदा चिरून त्यावर लिंबू पिळायचे, आगळात नारळाचे दूध घालून सोलकढी करायची, आणि मग खरोखर काही करायचे उरत नाही. मुलगी शाळेत काय झाले ते सांगते, आई भाजी निवडत असते. तव्यापाशी उभे राहून हे ऐकता येत नाही, कारण तेल तडतडत असते आणि लक्ष तुकडी करपू नये याकडे असते. ट्रेमध्ये पापलेटाखाली जो थोडा रस साठतो तो टाकून देण्यासारखा अजिबात नसतो. आगळ, लसूण, खोबरे आणि माशाचे स्वतःचे तेल यांचे ते मिश्रण गरम भातावर चमचाभर घातले की कालवणाची आठवण निघत नाही. डोके आईच्या ताटात जाते. गालाजवळचे मांस सर्वांत गोड असते हे ती सांगते, आणि त्यावर हक्कही सांगते.

सगळे मासे मात्र भट्टीत घालू नयेत. बोंबलात पाणी इतके असते की तो भाजण्याऐवजी विरघळून जातो. त्याला दाबून, पाणी काढून, रव्यात तळणेच योग्य. मांदेलीही तव्यावरचीच. सुरमईची तुकडी भाजता येते, पण ती कोरडी पडण्याची घाई करते, तेव्हा तिला वाटणात थोडे जास्त तेल आणि दहा-बारा मिनिटांपेक्षा कमी वेळ द्यावा. रावसाचा जाड तुकडा मात्र फार समजूतदार असतो, दोन मिनिटे मागे-पुढे झाली तरी सांभाळून घेतो. बांगड्यात स्वतःचे तेल भरपूर असल्याने त्याला 220 अंशांची कडक आच मानवते. त्याला हिरवे वाटण नको, तर लाल मिरची, चिंच आणि ठेचलेली तिरफळे लावावीत, आणि कातडीला फोड येऊन ती जागोजागी काळसर होईपर्यंत भाजावे. स्वस्तात भरपूर आणि पोटभर असा बुधवार हवा असेल तर माझे मत बांगड्यालाच जाईल.

1 जून ते 31 जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. ती असायलाच हवी. या दिवसांत शीतगृहातले पापलेट मिळते, पण भाजण्यात माशाची चव उघडी पडत असल्याने शिळेपणाही झाकला जात नाही. तेव्हा आम्ही जिताड्याकडे वळतो. रायगड जिल्ह्यात, पेण-अलिबागच्या बाजूला, घरोघरच्या तळ्यांत जिताडा वाढवण्याची जुनी रीत आहे, आणि खाडीतही तो मिळतो. ऑस्ट्रेलियात बारामुंडी म्हणून ज्याला मान आहे तोच हा मासा. त्याचे मांस जाड, पांढरे आणि तुपट असते, खवले मात्र टणक असतात, म्हणून ते बाजारातच काढून घ्यावेत. अख्खा जिताडा आमच्या ट्रेमध्ये मावत नाही; मधल्या भागाच्या दीड इंच जाडीच्या तुकड्या घ्यायच्या, मीठ-हळद-आगळ तसेच, वाटणात खोबरे थोडे कमी आणि लसूण थोडी जास्त, आणि 200 अंशांवर वीस मिनिटे. पंधराव्या मिनिटाला एकदा सुरीचे टोक घालून पाहावे, कारण तळ्यातला जिताडा खाडीतल्यापेक्षा जरा जास्त चरबीचा निघतो आणि दोघांचा वेळ अगदी सारखा लागत नाही.